आवाज कमी करा ना, भाऊ

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. सीमेवर पाकिस्तानशी चार दिवस लढाई चालू होती तेव्हाची. संध्याकाळचे सहा वाजून गेले तरी डांबर चपलेखाली मऊ लागत होतं. नागपूरच्या गोकुळपेठेतून भाजी घेऊन परतताना मी नेहमीच्या रसवंतीवर टेकले. उन्हाळा लागला की त्या कोपऱ्यावर हिरवी जाळी बांधली जाते, चार प्लास्टिकच्या खुर्च्या येतात, चरकाच्या चाकाला घुंगरू लागतात. नवरा ऊस सरकवतो, बायको लिंबू-आल्याचा तुकडा मधे घालून चोथा पुन्हा आत ढकलते, ग्लास धुते, पैसे घेते. इतक्या वर्षांत तिचं नाव मी विचारलेलं नाही. ती मला मॅडम म्हणते, मी तिला ताई म्हणते. पण त्या आठवड्यात तिची एक नवी सवय माझ्या लक्षात आली होती. तिचा फोन गल्ल्याच्या डब्यात असायचा, आणि तो वाजला की ती आधी हात लांबवून चरकाचं बटण बंद करायची, मग फोन घ्यायची. घुंगरू एकदम थांबायचे. बोलणं होईपर्यंत रस नाही. नवरा काही म्हणायचा नाही, हातातला ऊस तसाच धरून तिच्या तोंडाकडे बघत राहायचा.

त्या संध्याकाळी शेजारच्या बाकावर तीन पोरं होती, वीस-बावीसची. एकाच्या फोनवर बातम्या लागलेल्या, निवेदक ओरडत होता, मागे भोंग्याचा आवाज आणि सिनेमासारखं संगीत. पोरं मधेमधे "आता घुसाच!" म्हणत होती. ती वाईट पोरं नव्हती. त्यातल्या एकानं उठून मला खुर्ची दिली होती. ताई दोनदा त्यांच्याकडे बघून घेऊन मग म्हणाली, "आवाज कमी करा ना, भाऊ. माहा पोरगा तिकडंच हाये."

पोरगं क्षणभर गडबडलं, मग अगदी मनापासून म्हणालं, "काकू, तुम्हाले तं अभिमान वाटाले पाहिजे!"

"वाटते ना भाऊ," ती म्हणाली. "म्हणूनच कमी करा म्हणते."

त्यानं आवाज कमी केला. बंद नाही केला, कमी केला. मी ग्लास संपवला, वीस रुपये दिले आणि निघाले. मी एक अक्षर बोलले नाही. ना त्या पोरांना, ना तिला. घरी येऊन पालक निवडायला बसले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. युद्ध नको असं ती म्हणाली नव्हती. घोषणा नाही, फलक नाही. शेजारचा आवाज थोडा खाली आणायला सांगितलं होतं, इतकंच. तरीही मला वाटत राहिलं की जे मी आयुष्यभर पुस्तकांत शोधायला हवं होतं आणि शोधलं नाही, ते त्या हिरव्या जाळीखाली माझ्यासमोर घडून गेलं.

मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. पहिल्या महायुद्धाची कारणं मी झोपेतही सांगू शकते: साम्राज्यवाद, शस्त्रस्पर्धा, गुप्त करार, साराजेव्हो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, नको म्हणणारे कोणीच नव्हते का?" मी म्हणाले, "होते ना. पण ते अभ्यासक्रमात नाहीत." वर्ग हसला आणि मी पुढचं कारण सांगायला घेतलं. हा प्रसंग मी विसरले होते. रसवंतीवरून आल्यावर तो पुन्हा वर आला, आणि त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर मी निवृत्तीनंतर, कूलरसमोर बसून, वाचायला लागले.

पण उत्तराच्या आधी माझं घर सांगायला हवं.

माझे बाबा अंबाझरीच्या आयुध निर्माणीत टर्नर होते. त्यांच्या अंगाला कटिंग ऑइलचा वास असे, आणि पँटच्या मोडपात अडकलेले लोखंडाचे बारीक कुरळे कीस आई धुण्याआधी झटकून टाकायची. दसऱ्याला घरच्यांना कारखान्यात सोडत. यंत्रांना झेंडूच्या माळा, लेथच्या तोंडाला कुंकू, कापलेला कोहळा, प्रसादाला बुंदी. एका टेबलावर तोफगोळ्यांचे कवच ओळीनं मांडलेले होते, हळदकुंकू लावून. मला ते दुधाच्या उंच किटल्यांसारखे वाटले. मी एकात हात घालून बघितला तेव्हा बाबा म्हणाले, "रिकामे आहेत ते. भरतात दुसरीकडे." त्या वेळी हे वाक्य मला फक्त माहिती वाटलं होतं. आज ते ज्या घाईनं म्हणाले ती आठवते.

१९७१ च्या डिसेंबरात आमच्या खिडक्यांना काळे कागद लागले. बाबा दोन-दोन पाळ्या करून यायचे, जेवताना त्यांचे डोळे मिटायचे. ओव्हरटाइमचे पैसे आले आणि आमच्या घरी पहिला रेडिओ आला, मर्फीचा. त्याच रेडिओवर आम्ही ढाका पडल्याचं ऐकलं. वाड्यात पेढे वाटले गेले. त्या दिवसांत प्रत्येक पत्रावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. एक कोटीच्या आसपास माणसं सीमा ओलांडून आली होती आणि तो आकडा त्या तिकिटातून आमच्या घरात शिरला होता. त्यामुळे ते युद्ध व्हायलाच नको होतं असं मी आजही म्हणू शकत नाही. मी प्रयत्न केला, जमत नाही. पण पेढे वाटून झाल्यावर, रात्री काळे कागद काढताना, आई म्हणाली होती, "थांबलं ते बरं झालं." आणि बाबा, ज्यांचा ओव्हरटाइम त्या दिवसापासून बंद होणार होता, म्हणाले होते, "हो. सुटलो." कशातून सुटलो ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. रेडिओ पुढे वीस वर्षं चालला.

नागपूरच्या नकाशावर परकार ठेवून बघा. पश्चिमेला अंबाझरी. पूर्वेला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची आयुध निर्माणी, जिथे २०२५ च्या जानेवारीत स्फोट होऊन कामगार गेले. दक्षिणेला भद्रावतीची निर्माणी. नैऋत्येला पुलगावचं दारूगोळ्याचं कोठार, जिथली २०१६ च्या मे महिन्यातली ती आगीची रात्र वर्धेच्या माणसांना अजून आठवते. कामठीची छावणी तर १८२१ पासूनची. शहराच्या मधोमध सीताबर्डीचा किल्ला, १८१७ च्या लढाईपासून इंग्रजांचा आणि आता आपल्या सैन्याचा, आणि त्याच्याच पायथ्याशी आपण बर्डीवर कपडे घेतो, चप्पल घेतो, भाव करतो. दारूगोळ्यानं वेढलेलं गाव आहे हे. आणि परकाराच्या त्याच फेऱ्यात सेवाग्राम आहे, पवनार आहे, दीक्षाभूमी आहे. लहानपणी मला वाटायचं हा योगायोग. आता तसं वाटत नाही, कारण वाचताना पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसत गेली: युद्धाला पहिलं 'नाही' बाहेरून येत नाही. ते आतून येतं. ज्याच्या हातात शस्त्र दिलंय त्याच्याकडून, ज्याच्या घरचं कोणी तिकडे आहे त्याच्याकडून, ज्याची भाकरी त्यावर चालते त्याच्याकडून.

युद्धविरोध म्हणजे संतांची शिकवण, असं आपण धरून चालतो. शिकवण होतीच. इंग्लंडमधल्या क्वेकर पंथीयांनी १६६१ साली राजाला लिहूनच दिलं होतं की आम्ही कुठल्याही कारणासाठी शस्त्र हाती घेणार नाही. नेपोलियनची युद्धं संपल्यावर न्यूयॉर्कला १८१५ मध्ये, लंडनला १८१६ मध्ये शांतता मंडळं निघाली. त्यांत धार्मिक माणसं होती, व्यापारी होते, सभा भरत, ठराव होत. मी ते सगळं आदरानं वाचलं, पण अंगावर काटा आला तो दुखोबोरांचं वाचताना. रशियन साम्राज्यात कॉकेशसच्या डोंगरांत राहणारा हा शेतकरी पंथ. झारनं सक्तीची सैन्यभरती त्यांच्यापर्यंत आणली. १८९५ च्या ईस्टरला त्यांच्यातल्या सैन्यात असलेल्या तरुणांनी आपल्या बंदुका अधिकाऱ्यांकडे परत दिल्या, आणि त्याच वर्षी जूनअखेरीच्या एका रात्री गावोगावच्या माणसांनी घरातली हत्यारं एका जागी आणून, लाकडं-कोळसा रचून पेटवून दिली. भोवती उभं राहून भजनं म्हटली. कोसॅक घोडेस्वार आले, चाबकांनी फोडून काढलं, गावांतून हाकललं, किती तरी माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली. १८९९ मध्ये सात हजारांवर माणसं बोटींत बसून कॅनडाला गेली. मला त्या जळत्या ढिगापाशी अंबाझरीचं ते टेबल दिसलं, झेंडूच्या माळांचं. शस्त्राची पूजा आणि शस्त्राची होळी. दोन्हीकडे माणसं भोवती उभी, दोन्हीकडे गाणं.

यात एक खाचखळगा आहे, तो ओलांडून जाता येत नाही. आतून येणारं 'नाही' नेहमीच निर्मळ असतं असं नाही. १८६३ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये सक्तीच्या भरतीविरुद्ध दंगल उसळली. तीनशे डॉलर भरणाऱ्याला भरतीतून सुटका होती, म्हणजे जाणार होती ती गरिबांचीच पोरं. राग खरा होता. पण तो राग वळला कुठे, तर शहरातल्या काळ्या माणसांकडे. त्यांना रस्त्यात मारलं, त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला. हे वाचून मी दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवलं. 'माझा पोरगा का?' हा प्रश्न जगातला सगळ्यात खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर 'त्यांचा घ्या' असंही होऊ शकतं.

म्हणून मला १९१५ च्या एप्रिलमध्ये नेदरलँड्समधल्या हेगला शांततेसाठी परिषद भरवणाऱ्या बायका महत्त्वाच्या वाटतात. बाराशेच्या आसपास, बारा देशांतल्या. त्यांच्यापैकी कित्येकींचे देश त्या क्षणी एकमेकांवर तोफा डागत होते. जर्मन बाई आणि बेल्जियन बाई एका सभागृहात. त्यांनी 'माझा पोरगा का?' असं न विचारता 'तुझाही का?' असं विचारलं. युद्ध त्यांच्याच्यानं थांबलं नाही. आणखी साडेतीन वर्षं चाललं. पण मला वाटतं, चळवळ जन्मते ती त्या दोन प्रश्नांच्या मधल्या पावलावर. एकटीचं दुखणं दुसरीच्या दुखण्याला भेटतं तेव्हा.

आपल्याकडे सक्तीची भरती कधी आली नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली, सत्तर हजारांवर परत आली नाहीत, आणि त्यांच्यासाठी कोणी फारसे मोर्चे काढले नाहीत. खुद्द गांधीजी १९१८ मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्याच्या गावांतून सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. विसाव्या शतकाचं आपल्याकडलं युद्धाविरुद्धचं मोठं 'नाही' आलं ते दुसऱ्या महायुद्धात. २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईत नव्वद हजारांच्या घरात कामगारांनी एक दिवसाचा संप केला, युद्ध सुरू होऊन महिनाच झाला होता. 'ना एक पाई, ना एक भाई' ही घोषणा त्याच काळातली. आणि १७ ऑक्टोबर १९४० ला, आपल्या नागपूरहून सत्तरेक किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी पवनारला, विनोबा उभे राहिले.

पवनारला मी कितीदा गेले आहे. नदीतले काळे खडक, पावसाळ्यानंतर त्यांच्यामधून पसरणारं पाणी, आश्रमातल्या बायका कुदळ घेऊन शेतात. पण तिथे एका युद्धविरोधी चळवळीची सुरुवात झाली असं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि शाळेत 'वैयक्तिक सत्याग्रह, पहिले सत्याग्रही विनोबा' एवढं एका गुणाचं उत्तर होतं. त्या सत्याग्रहाची रीत बघा. सत्याग्रहीनं जिल्हाधिकाऱ्याला आधी कळवायचं की मी अमुक दिवशी, अमुक ठिकाणी बोलणार आहे. मग जायचं आणि बोलायचं की या युद्धाला माणसं किंवा पैसा देऊन मदत करणं चूक आहे, सगळ्याच युद्धांना अहिंसेनं विरोध करणं हाच खरा मार्ग. गर्दी जमवायची नाही. एकानं बोलायचं, पकडून नेलं की दुसऱ्यानं. चार दिवसांनी विनोबांना अटक झाली. पुढच्या वर्षभरात हजारो माणसं अशी एकेक करून तुरुंगात गेली. आवाज वाढवायचा नाही, अशी ती चळवळ होती. रसवंतीच्या ताईचं वाक्य मला पवनारच्या वाटेवर, बसच्या खिडकीत, पुन्हा ऐकू आलं ते यामुळे.

पण त्याच सुमारास बाबासाहेब आंबेडकर युद्धाला पाठिंबा देत होते. हिटलर जिंकला तर काय होईल हे त्यांना दिसत होतं. १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन बेळगावला उभी राहिली, दुसरी आपल्या कामठीला. ज्या समाजाच्या सावलीचा विटाळ मानला जात होता त्याच्या अंगावर गणवेश येणं म्हणजे काय, हे मी माझ्या वाड्यात वाढलेल्या डोळ्यांनी पुरतं समजू शकणार नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते, पलटणीत होते म्हणून मुलाच्या शिक्षणाला दार उघडं झालं. कुठल्याही युद्धाला विरोध करताना मला हे विसरता येत नाही. रसवंतीच्या ताईला पुढे एकदा धीर करून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की पोरगा बारावीनंतर तीन वर्षं पहाटे चारला उठून मैदानावर पळायचा, दोनदा भरतीत राहिला, तिसऱ्यांदा लागला. "घरात पहिली पगाराची नोकरी हाये मॅडम," ती म्हणाली. कापसाच्या शेतातून बाहेर पडायचा तो रस्ता होता. युद्ध नको म्हणणं सोपं असतं, ज्याच्या घरी दुसरे रस्ते असतात त्याला.

आणि तरी युद्धाला नकार देणारी जी गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते, ती त्याच बाबासाहेबांनी सांगितलेली आहे.

सिद्धार्थानं घर का सोडलं, तर म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी बघून, असं आपण ऐकत आलो. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा बघितलाच नव्हता का, असा सरळ प्रश्न बाबासाहेबांनी विचारला, आणि आपल्या शेवटच्या ग्रंथात, जो त्यांच्या जाण्यानंतर १९५७ मध्ये आला, दुसरी हकिकत मांडली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण. कोलिय म्हणजे परके कोणी नव्हेत, सिद्धार्थाचं आजोळ त्यांच्यातलं. शाक्यांच्या संघात सेनापतीनं युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ त्या संघाचा सभासद. तो उठून म्हणाला की आधी चूक कोणाची ते तपासू, दोघांकडची दोन-दोन माणसं निवडू, त्यांनी पाचवा निवडावा. मतं घेतली, सूचना पडली. दुसऱ्या दिवशी ठराव आला: वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्यानं सैन्यात यावं. सिद्धार्थ म्हणाला, मी येणार नाही. तेव्हा सेनापतीनं धमकी दिली ती त्याच्या जिवाची नाही. कुटुंबावर बहिष्कार घालू, जमीन जप्त करू. बहिष्कार म्हणजे काय हे लिहिणाऱ्या हाताला ठाऊक होतं. सिद्धार्थ म्हणाला, त्यांना शिक्षा करू नका, मी देश सोडतो.

मी हे दीक्षाभूमीच्या बाहेरच्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेल्या प्रतीत वाचलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. गर्दी ओसरत होती, रस्त्याच्या कडेला रात्रभर झोपलेली माणसं बोचकी बांधत होती, निळ्या झेंड्यांच्या काठ्या एसटीच्या खिडकीतून बाहेर. पुढची पानं वाचताना मी तिथेच पायरीवर बसले. कारण सिद्धार्थ गेल्यावर शाक्यांच्या नगरात काय झालं तेही बाबासाहेबांनी लिहिलं आहे: पुरुष, बायका, मुलं, मुली रस्त्यावर उतरली. हातात झेंडे, कोलिय आमचे भाऊ आहेत, भावानं भावाशी लढू नये, अशा घोषणा. संघाला पुन्हा बैठक घ्यावी लागली आणि समेट झाला. ज्या माणसानं महाडला आणि नाशिकला माणसं रस्त्यावर आणली त्यानं युद्धाविरुद्धचा मोर्चा अडीच हजार वर्षं मागे नेऊन कपिलवस्तूत काढला. आणि तो मोर्चा निघाला कशामुळे, तर एका आतल्या माणसानं हरल्यावरही हात वर केला नाही यामुळे.

अशोकाबद्दल मला पूर्वी जेवढं वाटायचं तेवढं त्यानंतर वाटेना. १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस बाबासाहेबांनी निवडला तो अशोक विजयादशमीचा, आणि तेराव्या शिलालेखातले ते आकडे, एक लाख मारले गेले, दीड लाख नेले गेले, वाचताना आजही घसा दाटतो. पण तो पश्चात्ताप जिंकून झाल्यावरचा आहे. आणि ज्या कलिंगात हे घडलं, तिथल्या धौली आणि जौगडच्या खडकांवर हा तेरावा लेख नाहीच. त्याऐवजी दुसरे लेख कोरले आहेत. ज्यांची माणसं मेली त्यांना तो शोक वाचायला मिळाला नाही. राजाचा पश्चात्ताप मोठाच, मी तो लहान करत नाही. पण चळवळी राजांच्या पश्चात्तापातून निघत नाहीत. त्या निघतात वीस ते पन्नासच्या यादीत नाव असलेल्याच्या 'नाही'तून.

१९७१ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला व्हिएतनाममधून परतलेले शेकडो सैनिक संसदेच्या पायऱ्यांपाशी जमले. कुंपणापाशी येऊन एकेकानं आपलं पदक काढलं आणि पलीकडे फेकलं. कोणी मेलेल्या मित्राचं नाव घेतलं, कोणी काहीच बोललं नाही. व्हिएतनामच्या विरोधाबद्दल आपण विद्यापीठं, गाणी, केस वाढवलेली मुलं एवढंच आठवतो. मला ती पदकं आठवतात, कारण त्याच वर्षी, सात-आठ महिन्यांनी, माझे बाबा दोन पाळ्या करून घरी येत होते. त्यांनी काही फेकलं नाही. त्यांच्याकडे फेकायला काही नव्हतं, आणि चार पोरं खाणारी होती. निवृत्त झाले तेव्हा मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ मात्र त्यांनी कधी लावलं नाही. ते अजून माझ्या कपाटात आहे, खोक्यातच.

आपल्या गावाला रस्त्यावर येऊन नको ते नको म्हणायची सवय नाही असं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात उभं राहून बघावं, काळी मारबत आणि पिवळी मारबत, हे दोन मोठे बाईचे पुतळे, भेटतात, ढोल, गुलाल, आणि हजारो गळ्यांतून 'घेऊन जा गे मारबत!' रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, जे नको ते सगळं तिच्याबरोबर शिवेबाहेर. बडग्यांमध्ये मी शत्रूचे पुतळे बघितले आहेत. युद्धाचा पुतळा अजून बघितला नाही. पिवळ्या मारबतीच्या मागे चालताना एकदा मनात आलं होतं, कोणी बनवला तर त्याचं तोंड कसं काढतील.

या वर्षी मार्च संपता संपता कोपऱ्यावर पुन्हा हिरवी जाळी लागली. मी पहिल्याच आठवड्यात गेले. खुर्च्या त्याच, घुंगरू नवे. ताई थोडी वाळलेली वाटली. मी विचारलं, मुलगा कसा आहे. "येऊन गेला दिवाळीत," ती म्हणाली, "काही सांगत नाही. झोपून राहे नुसता." बर्फ घालू का, तिनं विचारलं. मी नको म्हणाले. मला तिला बरंच काही सांगायचं होतं, त्या गेल्या वर्षीच्या संध्याकाळबद्दल, मी गप्प बसले त्याबद्दल. हेगच्या बायकांबद्दलही कदाचित. मी "त्या दिवशी तुम्ही त्या पोरांना" एवढं म्हणाले आणि गल्ल्याच्या डब्यातला फोन वाजला.

तिनं हात लांबवून बटण बंद केलं. घुंगरू थांबले. नवऱ्यानं ऊस तसाच धरला. बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी ग्लास तोंडापाशी नेलेला खाली घेतला, त्यांना काय माहीत होतं कोण जाणे. तिनं फोन कानाला लावला आणि ऐकत राहिली, जाळीतून येणारं ऊन तिच्या तोंडावर हिरवं पडलं होतं.

"नाही पाहिजे," ती म्हणाली, आणि फोन डब्यात ठेवला.

"कंपनीचा होता," नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली. "लोन पाहिजे का म्हणे."

मग तिनं बटण दाबलं.